मागील शिल्लक

वीस वर्षं चंदनझिऱ्यात मी आरडी गोळा केली.
शंभराचा हप्ता, पाच वर्षांची मुदत.
नाव कुणाला ठाऊक नाही,
आरडीवाल्या बाई म्हणतात.
दारात उभं राहून पैसे मागायची लाज
केव्हाच झिजून गेली होती.

रोलिंग मिलच्या मागं पत्र्याच्या खोल्या.
तिथली पोरं दोरीला बांधून
लोहचुंबक ओढत जायची रस्त्यानं,
फुटक्या स्पीकरमधून काढलेलं.
ट्रकमधून सांडलेला चुरा
त्याला दाढीसारखा फुटायचा. किलोला बारा रुपये.

मी एकीला विचारलं, शाळा?
तिनं हायवेकडं बोट केलं.
गुरुजी म्हणाले, फी नाही, पुस्तकं आहेत, खिचडी आहे,
दाखल्याचं मी बघतो,
फक्त इथवर आणा.
म्हणजे सगळं फुकट होतं,
रस्ता सोडला तर.

जब्बारभाईंनी बोटांवर हिशेब केला:
अकरा पोरं, जाऊन येऊन,
महिन्याला चार हजार चारशे.
मी म्हटलं, चारशे चाळीस दारं. दहा-दहा रुपये.
ते हसले. मी पावतीपुस्तक छापायला टाकलं.

दहाच. जास्त घ्यायचे नाहीत.
जास्त देणारा पुढच्या महिन्यात
कडी काढत नाही,
एवढं वीस वर्षांत शिकले.
मिलचे शेठ वर्षाचे एकदम देत होते,
रिक्षाच्या दोन्ही बाजूंना त्यांचा फ्लेक्स लावून.
जब्बारभाई म्हणाले, पोरांना हवा लागणार नाही.
शेठनी मग शंभराची नोट दिली,
मी नव्वद परत केले, पावतीसकट.

वडेवाला, पंक्चरवाला, पार्लरची शुभदा,
निवृत्त तलाठी डोईफोडे, ज्यांना पावतीवर
सही मोठी लागते.
बाजारात कुणी घेत नाही ती दहाची नाणी
लोकांनी माझ्या डब्यात खपवली.
कुणी एक-दोनची चिल्लर मोजून दिली.
आमच्या गच्चीवरच्या कुरडयांवर
त्यांच्या भट्टीची काजळी पडते,
एवढीच तर आधीची ओळख.

बोट केलं होतं ती सुगंती. सुगंती मांझी.
बाप भट्टीपुढं, आई कँटीनची भांडी घासायला.
दुसऱ्या महिन्यात ती रिक्षातून ओरडली,
बाई, ई अक्षर हमरे गाँव में नाहीं है!
ळ.
तो तिला फार आवडला.
काळ्या पत्र्यावर बोटानं पुसून पुसून
तिनं ळ काढले, खिडकीपर्यंत,
फळा, शाळा, कावळा,
आणि मग नुसतेच ळ, ओळीनं,
जोडीनं बांधलेल्या वेण्यांसारखे.

छठला गावी गेले ते परतले नाहीत.
बापाला रायगडच्या प्लँटवर काम मिळालं,
आपलं रायगड नव्हे, छत्तीसगडकडचं रायगढ.
फोन लागतो, कुणी उचलत नाही.
तिकडं शाळा रस्त्याच्या
कुठल्या बाजूला आहे
हे मला कोण सांगणार.

तिच्या जागी आता बालेश्वर बसतो,
त्याचे पैसे वेगळे.
तिच्या वाट्याचे एकशे साठ उरले होते.
डोईफोडे म्हणतात, मिळवून टाका, बाई,
खात्याला काय कळतंय.
मी दर पहिल्या तारखेला
नव्या पानावर लिहिते,
सुगंती मांझी, मागील शिल्लक, एकशे साठ.
मुदतीचा रकाना कोरा.

परवा जब्बारभाईंना सीटखाली
दोरीसकट तिचं चुंबक सापडलं.
मी ते डब्यात ठेवलं.
आता डबा उघडला
की एक-दोनची नाणी त्याला लटकून वर येतात,
दहाची तळाशी पडून राहतात.
एकेक सोडवून मोजावी लागतात.
वेळ लागतो.
बोटं काळी होतात.